जुनी कॉन्टेसा ऑनलाइन घेऊन रायले? टोकन पाठवायच्या आधी एवढं पाहून घ्या

दर आठवड्याला कोणी ना कोणी पोरगा मला फोटो पाठवतो अन् विचारतो, दादा ही कॉन्टेसा कशी वाटते, घेऊ का. फोटोत गाडी एकदम चकाचक, लांबलचक बोनेट, अलॉय टाकलेले, खाली लिहिलेलं असते सिंगल हँड, शौकीन माणसाची गाडी, फक्त सिरियस लोकांनी फोन करा. मी फोटो पाहून आजपर्यंत कोणाला हो म्हटलं नाही. फोटोत दिसतो तो कलर, अन् कलर ही जुन्या गाडीतली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, कोणताही पेंटर पंधरा दिवसात करून देतो.

मी एकच हिशोब धरतो. गाडीत जे खराब आहे ते माझ्या तालुक्यात दुरुस्त होते का? होत असेल तर ते पैशाचं काम आहे, भाव पाडून घेता येते. होत नसेल तर ती गाडी फुकट दिली तरी अंगणात उभी राहून सडते. आमच्या दारव्ह्याचे मिस्त्री चाचा एका वाक्यात सांगतात, "इंजन तं मी उभं करून देईन बाबू, पण पत्रा सडला तं मी काय करू."

आधी गाडी कोणती ते समजून घ्या, कारण जाहिरातीत नुसतं कॉन्टेसा लिहिलेलं असते. हिंदुस्तान मोटर्सने ही १९८४ मध्ये आणली, मूळ डिझाईन इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं, अन् २००२ मध्ये बंद झाली. सुरुवातीच्या गाड्यांत अँबेसेडरचंच १.५ लिटरचं इंजिन होतं, पॉवर जेमतेम ५० हॉर्सपॉवर, एवढ्या जड गाडीला ते पुरत नाही, दिसायला सुंदर पण घाटात दम लागते. नंतर कॉन्टेसा क्लासिक आली, जपानच्या इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन अन् पाच गिअर, ८८ हॉर्सपॉवर, मागच्या चाकाला ताकद, लोक जिला देशी मसल कार म्हणतात ती ही. डिझेलही निघाली होती. मला विचाराल तर १.८ पेट्रोलच घ्या. हेच इसुझूचं इंजिन पुढे १८०० आयएसझेड अँबेसेडरमध्ये लागलं, म्हणून इंजिनचे पार्ट शोधले की भेटतात. पण समोरची काच, टेललाईट, ग्रील, बंपर, दाराच्या बीडिंगा म्हणजे कडेच्या पट्ट्या, हे सगळं फक्त कॉन्टेसाचं, अन् ते मिळता मिळत नाही. म्हणून जाहिरातीत "थोडंफार किरकोळ काम बाकी" असं वाचलं की मी आधी विचारतो, काच कोणती तडकली आहे अन् लाईट सगळे ओरिजनल आहेत का. इंजिन बंद पडलेली पण सगळे पार्ट जागेवर असलेली गाडी मला चालते. मस्त चालणारी पण अर्धी ट्रिम गायब असलेली नाही चालत.

आता पत्रा. ह्या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. खालचा पत्रा गेला म्हणजे गाडीचा कणाच गेला. गाडी आयुष्यभर कुठं राहिली हे भावापेक्षा आधी विचारा. मुंबई, कोकण, गोवा, कोलकाता, जिथं हवेत ओल अन् खार आहे तिथली गाडी वरून कितीही चांगली दिसो, खालून खाल्लेली असण्याची भीती जास्त. आपल्या इकडची गाडी उलटी असते, यवतमाळ अकोला चंद्रपूरच्या ४५ डिग्रीत डॅशबोर्ड तडकते, रबर वाळून काडीसारखं होते, पण पत्रा बऱ्यापैकी टिकते. रबर बदलता येते. म्हणून तडकलेल्या डॅशबोर्डची कोरड्या गावातली गाडी मी चकाचक किनाऱ्यावरच्या गाडीच्या आधी पाहायला जाईन.

हे मी पैसे घालवून शिकलो. पहिल्या वेळेस समुद्राकाठच्या एका शहरातली गाडी फोटोवर पसंत केली, विकणारा म्हणाला दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, मी घाईत टोकन पाठवलं अन् मग रात्रभर रेल्वेत बसून गेलो. वरून गाडी आरशासारखी. डिक्कीतली स्टेपनी काढली, खालची मॅट उचलली, मॅटखाली नवीन काळा डांबरी थर मारलेला. पेचकस थोडा दाबला तर पापडासारखा आवाज झाला अन् पेचकस मुठीपर्यंत खाली गेला, बाहेर काढला तर त्या भोकातून खालची फरशी दिसत होती. त्या माणसाने टोकन परत केलं नाही. तेव्हापासून गाडी हाताने चाचपल्याशिवाय मी एक रुपया पाठवत नाही अन् तुम्हीही पाठवू नका, दहा गिऱ्हाईकं उभी असू द्या.

पण प्रत्येक गाडीसाठी रेल्वेत बसणंही परवडत नाही, म्हणून आधी घरबसल्या गाळून घ्यायचं. विकणाऱ्याला सांगा एका कागदावर तुमचं नाव अन् आजची तारीख लिहून डॅशबोर्डवर ठेवून फोटो पाठव. गाडी खरंच त्याच्याजवळ असेल तर दोन मिनिटाचं काम आहे, नसेल तर बहाणे सुरू होतात. मी मिलिटरीत आहे, बदली झाली, गाडी कॅन्टोन्मेंटमध्ये आहे, ट्रान्सपोर्टचे पैसे आधी टाका, हे ऐकलं की फोन ठेवून द्या, ही ठरलेली फसवणूक आहे. अन् पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मग व्हिडिओ कॉल. पाठवलेला व्हिडिओ नको, कॉल पाहिजे, तोही सकाळी, गाडी रात्रीपासून बंद असताना. आधी चेसिस नंबर दाखवायला लावा, मग इंजिन नंबर, मग चारही दारं उघडून दारांची खालची कड, मग पायाखालची मॅट उचलून फरशी, बॅटरीच्या खालचा पत्रा, स्टेपनीची जागा, शेवटी फोन सायलेन्सरजवळ धरून स्टार्ट. मॅट उचलायला जो का-कू करतो त्याच्या घरी जाऊ नका.

कागदं तर ह्याच्याही आधी. गाडीचा नंबर मागा, सरकारच्या एम-परिवाहन ॲपवर टाका. मालक कितवा, इंधन काय लिहिलं आहे, फायनान्स चढलेला आहे का, फिटनेस कधी संपली, चालान किती. आरसीवर पेट्रोल अन् बोनेटखाली डिझेल असं कॉन्टेसात पुष्कळ दिसते, मायलेजसाठी लोकांनी इंजिन बदलले अन् आरसीवर चढवलंच नाही. अशी गाडी ट्रान्सफरला आरटीओत अडकते. खाजगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग दर ५ वर्षांनी रिन्यू. रिन्यूची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० केली, अन् उशीर झाला तर महिन्याला ५०० वेगळे. म्हणजे सहा वर्षं आरसी मेली असेल तर नुसता उशिराचाच आकडा ३६,०००. वरून ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर. हे सगळं कोण भरणार ते भाव ठरवायच्या आधी बोला, नंतर कोणी फोन उचलत नाही.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात त्याचंही कारण आहे, तिकडं १५ वर्षांवरचं पेट्रोल अन् १० वर्षांवरचं डिझेल चालवायला बंदीचे आदेश झाले, म्हणून लोक बाहेर काढतात. घ्यायला हरकत नाही पण एनओसी, म्हणजे तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, हातात आलेली पाहिजे, "निघेल भाऊ" म्हणणारी नाही. एनओसी तुमच्याच आरटीओच्या नावाची पाहिजे, यवतमाळचे असाल तर एमएच २९, अमरावतीचे तर एमएच २७, अन् इथला टॅक्स नव्याने भरावा लागते तो वेगळा. कोणी म्हणेल ही व्हिंटेज आहे, हिला काही लागत नाही. २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली, म्हणजे सगळ्यात जुनी कॉन्टेसाही २०३४ च्या आधी त्यात बसत नाही.

एवढ्यातून गाडी पास झाली तरच जा, अन् मिस्त्रीला सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी अन् जेवण ही ह्या व्यवहारातली सगळ्यात चांगली खर्च झालेली रक्कम. सोबत टॉर्च, पेचकस, छोटं लोहचुंबक सुती फडक्यात गुंडाळून. चुंबक दाराच्या खालच्या भागावर, मागच्या चाकाच्या कमानीवर, दाराखालच्या पट्टीवर फिरवा, जिथं पकड सुटते तिथं पुट्टी भरलेली आहे. बोटाने टकटक करा, पत्रा ठणठण वाजतो, पुट्टी भद्द वाजते. चेसिस नंबरच्या जागेवर नखाने पहा, तेवढाच पत्रा घासलेला किंवा तेवढाच रंग नवा असेल तर तिथूनच परत फिरा. सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा शिक्का आहे का बघा, एखादी वेगळी असेल तर ती कधी अन् का फुटली ते विचारा.

बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर त्याने तुम्ही यायच्या आधी स्टार्ट करून ठेवली आहे, चहा घ्या, थंड होऊ द्या. ऑइलचं झाकण उघडून आतून पहा, कॉफीच्या फेसासारखं चिकट काही असेल तर ऑइलमध्ये पाणी जात आहे. स्टार्टला निळा धूर येऊन बंद झाला तर व्हॉल्व्हच्या सील, चालताना येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. गरम झाल्यावरही पांढरा धूर अन् पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. ह्यातलं सगळं चाचा करून देतात, म्हणून ह्यावर गाडी सोडायची नाही, भाव पाडायचा. मग वीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा अन् टेंपरेचरच्या काट्याकडे पाहत बसा, आपल्या मे महिन्यात जी गाडी आयडलवर गरम होते ती शेजारच्या दिग्रसपर्यंतही नेत नाही. चालवताना दुसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटर एकदम सोडा, गिअर आपोआप बाहेर पडला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. टायरवरचा चार आकडी नंबर वाचा, २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा, नक्षी नवी दिसली तरी टायर म्हातारा आहे.

भाव करताना मी वहीत लिहितो, गाडीची किंमत, रिन्यू अन् टॅक्स, टायर, बॅटरी, मिस्त्रीने सांगितलेलं काम, आणायचं भाडं. मिस्त्रीच्या आकड्यात निम्मे अजून मिळवतो, कारण जुनी गाडी खोलल्यावर काहीतरी निघतेच. ती बेरीज विकणाऱ्यासमोरच करायची, लपवायची नाही, चांगला माणूस ते पाहून स्वतःच खाली येतो. मालकी बदलायच्या फॉर्म २९ अन् ३० वर सह्या, एनओसी, आरसी, मालकाच्या आधारची कॉपी, दोन्ही चाव्या हातात आल्यावरच बाकीचे पैसे, तेही बँकेतून.

गाडी चालवत आणायचा मोह होईल, करू नका, टोचन गाडीवर टाकून आणा. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात पेट्रोलचे सगळे रबरी पाईप बदला, आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगून चिरते अन् पेट्रोल थेट गरम इंजिनवर गळते. गोठ्याजवळ लावत असाल तर वायरिंगची नळी उंदरांपासून झाकून घ्या, कापसाच्या दिवसात ते बोनेटखालीच घर करतात.