एकोणिसाव्या शतकातले पूर्वज शोधायला निघण्यापूर्वी

आधी एक भ्रम काढून टाका. जनगणनेत खापरपणजोबांचं नाव सापडणार नाही. ब्रिटनमध्ये 1841 पासूनची घरवार पत्रकं नाव-वय-धंद्यासकट बघायला मिळतात, आणि तिकडचे व्हिडिओ पाहून आपली मंडळी 1872 किंवा 1881 ची मुंबई इलाख्याची खानेसुमारी हुडकत बसतात. गणती झाली, गणतीदार घरोघर फिरले, पण ती पत्रकं बेरजा झाल्यावर ठेवलीच नाहीत. छापील अहवालांत राहिले ते नुसते आकडे: किती घरं, किती माणसं, कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रकांची आशाही धरू नका, 1948 च्या जनगणना कायद्याने ती कोणाला पाहायला मिळत नाहीत. नावं दुसऱ्या कागदांतूनच गोळा करायची आहेत.

तरी ते अहवाल उपयोगाचे आहेत, फक्त वेगळ्या कामासाठी. त्या वर्षी आपलं गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात, की एखाद्या संस्थानात होतं, हे त्यांच्या आधाराने ठरतं. तयारीत हे पहिलं. मी मागच्या खेपेला नेमकं हेच सोडून निघालो होतो, आजचा तालुका आणि आजचा जिल्हा खिशात घेऊन. चुकीच्या जिल्ह्याच्या कागदांत माणूस कितीही बसला तरी त्याला काही सापडत नाही, आणि आपण चुकीच्या जागी बसलोय हे तिथे कोणी सांगतही नाही.

उदाहरणं देतो, म्हणजे गांभीर्य कळेल. तासगाव, वाळवा, खानापूर आज सांगली जिल्ह्यात आहेत. 1880 च्या सुमारास ते सातारा जिल्ह्याचे तालुके. सांगली जिल्हा मुळात 1949 साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून निघाला आणि त्याला आजचं नाव मिळालं 1960 मध्ये. नाशिक जिल्हा 1869 चा. त्याआधी सिन्नर-निफाड नगरकडे, मालेगाव-बागलाण खानदेशात. खानदेशाचेही 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. धाराशिवकडचे असाल तर एकोणिसाव्या शतकात जिल्ह्याचं नाव नळदुर्ग, आणि मुलूख निजामाचा, म्हणजे कागद फारसी-उर्दूत. फलटण, भोर, औंध, जंजिरा यांची तर दप्तरंच वेगळी. म्हणून एका कागदावर आडवे रकाने आखा: साल, मौजे (म्हणजे गाव), तर्फ (परगण्याचा पोटविभाग), परगणा (जुना महसुली विभाग) किंवा तालुका, जिल्हा किंवा संस्थान. 1818 पासून दर वीस-पंचवीस वर्षांची एक ओळ. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचे खंड (खानदेश 1880, नाशिक 1883, नगर आणि सोलापूर 1884, पुणे आणि सातारा 1885) राज्य सरकारच्या गॅझेटिअर विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यात तालुकावार प्रकरण असतं. ते वाचल्याशिवाय एसटीत बसू नका.

गाव खुर्द की बुद्रुक, तेही लिहा. वडगाव, पिंपळगाव, निमगाव असली नावं असतील तर शेजारच्या दोन गावांची नावं आणि जवळची नदीही लिहा. धरणात गेलेलं गाव असेल तर मूळ गावठाण कुठे होतं ते आधी शोधा. पुनर्वसनानंतर नाव तेच राहतं आणि तालुका भलताच असतो.

घरातली तयारी सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. म्हाताऱ्या माणसांना आधी गाठा. आत्याला आणि आजीच्या माहेरच्यांना जास्त विचारा, भाऊबंदकी नसते तिथे आठवणी मोकळेपणाने निघतात. जुनी खरेदीखतं, गहाणखतं, पत्रिका, शाळेचे दाखले. झालं.

नावांबद्दल मात्र सावध राहा. आडनावावर भिस्त ठेवू नका. एकोणिसाव्या शतकाच्या कागदांत बऱ्याचदा नुसतं ‘राघोजी बिन संताजी’ एवढंच असतं (बिन म्हणजे मुलगा), बाईचं असेल तर ‘कोम’ लावून नवऱ्याचं नाव. पाटील, कुलकर्णी, देशपांडे हे आडनाव म्हणून आहे की वतन, म्हणजे वंशपरंपरेचं गावकीचं काम, म्हणून, ते त्या कागदापुरतं ठरवावं लागतं. गाव सोडून गेलेल्या शाखेला नव्या ठिकाणी जुन्या गावाच्या नावाला ‘कर’ लागलेला असतो आणि मूळ गावात त्या आडनावाचं एकही घर नसतं. त्यातून आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. रामचंद्र गणेश, गणेश रामचंद्र, पुन्हा रामचंद्र गणेश अशी माळ लागते आणि साल पाहिलं नाही तर दोन माणसांचा एक होतो. दत्तक गेलेल्याचा बाप मधेच बदलतो. मुलगा अचानक नाहीसा झाला तर मेला असं धरण्याआधी दत्तकपत्र शोधा.

सालाचं कोष्टक घरूनच करून न्या. शकात 78 मिळवले की इसवी सन, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79. दख्खनच्या फसलीत, म्हणजे महसुली सनात, 590, आणि ते वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणजे जानेवारी ते मे या महिन्यांसाठी 591. उत्तरेतल्या फसलीचा हिशेब वेगळा, तो इथे लावू नका. जुन्या मराठी कागदांत अरबी शब्दांत सांगितलेलं शुहूर सन भेटेल: ‘इसन्ने अशर मयातैन व अलफ’ म्हणजे 1212, त्यात 599 मिळवून 1811, वर्षाच्या उत्तरार्धात 1812. हे दफ्तराच्या टेबलावर बसून जुळवायला जाल तर दुपार तिथेच जाईल.

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी. स्वतः शिका किंवा वाचणारा गाठा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. अक्षरं ओळखू आली म्हणजे कागद वाचता येतो असं नाही. शब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, आणि कारकुनाच्या हाताची सवय व्हायला वेळ लागतो. निदान आपल्या गावाचं, परगण्याचं आणि घराण्याचं नाव मोडीत कसं दिसतं ते गिरवून जा. परगण्याचं नाव म्हटलं. ते कुठून आणणार? वरच्या रकान्यांतून. केले नसतील तर आत्ता करा.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला लोक अजून पेशवे दप्तरच म्हणतात, रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आडनावांप्रमाणे लावलेले नाहीत. प्रांत, परगणा, खातं असा तो सगळा मामला आहे. खिडकीपाशी उभं राहून ‘अमुक घराण्याचं काही आहे का’ विचारलंत तर उत्तर मिळेल नाही, आणि ते खोटं नसेल. त्या सालचा परगणा सांगा, मग बोलणं पुढे सरकतं. घराण्याला इनाम (सारा माफ असलेली जमीन) किंवा वतन असेल तर नशीब म्हणा. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनने हक्कांची चौकशी केली तेव्हा लोकांनी कैफियतींसोबत वंशावळी दिल्या. 1874 च्या वतन कायद्याखालच्या वारसांच्या नोंदी पाटील-कुलकर्ण्यांच्या तशाच महारांच्याही आहेत. एका तक्त्यात चार पिढ्या मिळू शकतात. पण हक्क सांगायला दिलेली वंशावळ आहे ती, हेही ध्यानात ठेवा: नको असलेला भाऊ त्यातून सहज गळतो.

महसुली कागदांत क्रम उलटा लावा, अलीकडून मागे. सातबारा, मग फेरफार. हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे फेरफार त्याच्या मागे जाणार नाहीत. पण 1905-10 च्या वारस फेरफारात मेलेला माणूस 1850 च्या आसपासचा असू शकतो, हीच तर गंमत. स्कॅन झालेल्या जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर दिसतात, तिथे मात्र आजचा तालुका निवडायचा. होय, आजचा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, मागा. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ते नाव घरोघरी पोचलंय. पण तालुका मधे फुटला असेल तर जुनी बाडं मूळ तालुक्याच्या कचेरीत राहिलेली असतात. नव्या कचेरीत ‘नाहीत’ म्हणाले म्हणजे नष्ट झाली असं नव्हे. पुन्हा सांगतो, त्या वर्षीचा तालुका.

1876 ते 78 च्या दुष्काळात आणि 1896 नंतरच्या प्लेगात घरं उठली. तिथे धागा तुटला तर मरणाच्या नोंदींइतकंच मुंबईकडे गेलेल्यांकडे बघा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या: नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, जमल्यास प्रयाग-काशी-गया. आलेल्याने स्वतः बाप, आजा, भाऊ, मुलं लिहवलेली, कधी सही सुद्धा. तुमचे उपाध्ये कोण ते मूळ गावावरून आणि आडनावावरून ठरतं, आणि पूर्वजाने सांगितलेलं गाव त्याच्या काळातलं, त्याच्या परगण्यासकट असतं. रकान्यांचा कागद इथेही काढा. दक्षिणा आधी बोलून घ्या. ज्यांना तीर्थावर धड उभंही राहू दिलं नाही त्यांची नावं या वह्यांत कमीच, त्यांनी वतनाचे, लष्कराचे आणि जुन्या शाळांचे कागद आधी बघावेत. मुसलमान घराण्यांनी काझींकडची निकाहाची दफ्तरं, ख्रिस्ती घराण्यांनी चर्चमधली बाप्तिस्म्याची.

बाकीचं भराभर. ओळखपत्र आणि अर्जाचा मजकूर तयार ठेवा. सुट्ट्यांची यादी बघा. पेन्सिल न्या, शाई नाही. फोटोला परवानगी आहे का ते विचारा. असेल तर पूर्ण पान घ्या, नुसती आपली ओळ नको. रुमाल, फाइल आणि पानाचा क्रमांक तिथेच लिहा, घरी आल्यावर आठवत नाही. खात्री नसलेली नाती वंशावळीत तुटक रेषेने जोडा आणि शेजारी कशावरून जोडलं ते लिहा. सोबत डबा न्या, दुपारी कक्ष तासभर बंद असू शकतो.