ब्लॅकवॉटर माशांच्या पैदाशीसाठी आम्ल पाणी: आधी केएच, मग पीएच

कार्डिनल टेट्रा, चॉकलेट गुरामी, लिकोरिस गुरामी या ब्लॅकवॉटर (पालापाचोळा कुजून तपकिरी, आम्ल झालेल्या पाण्यातल्या) माशांच्या पैदाशीसाठी साधारण ४.५ ते ६ पीएचचं, अगदी मऊ, म्हणजे क्षार फार कमी असलेलं पाणी लागतं. नळाच्या पाण्यात आम्लाचे थेंब टाकून ते होत नाही. त्यातले कार्बोनेट आम्ल गिळतात, पीएच पुन्हा वर चढतो आणि या हेलकाव्यांनी मासे बेजार होतात. म्हणून आधी केएच, म्हणजे पाण्यातल्या या कार्बोनेटचं प्रमाण, जवळपास शून्यावर आणा.

१. आरओचं पाणी घ्या. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) २० पीपीएमच्या आत हवा. घरगुती यंत्रात क्षार परत मिसळणारा भाग असेल, तर त्याच्या आधीचं पाणी काढा.

२. २० लिटरच्या बादलीत खत न मिसळलेलं २० ग्रॅम पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) जाळीच्या पिशवीत सोडा आणि एअर स्टोन लावून आठवडाभर ठेवा. पीएच हवा तितका उतरला नाही तर पीट थोडं वाढवा. रंगावर भरवसा नको: कोऱ्या चहासारखं दिसणारं पाणीही केएच असेल तर ७ च्या वर असू शकतं.

३. टाकीत शंख, प्रवाळाची वाळू, चुनखडी नको. दगडावर व्हिनेगर टाका; फेस आला तर तो बाहेर. तळ मोकळा, मंद स्पंज फिल्टर आणि ४० लिटरला देशी बदामाची (टर्मिनेलिया कटाप्पा) दोन वाळकी पानं पुरेत.

४. पीएच मीटर ४ आणि ७ च्या द्रावणांत जुळवून घ्या. क्षार कमी असलेल्या पाण्यात आकडा स्थिरावायला काही मिनिटं लागतात, घाई करू नका. इथे कागदी पट्ट्या फसवतात.

खरा धोका पाणी बदलताना असतो. पीएच ६ च्या खाली गेला की अमोनिया खाणारे जिवाणू मंदावतात. तरी मासे तगतात, कारण आम्ल पाण्यात तो बहुतेक अमोनियम म्हणून राहतो आणि अमोनियम फारसं विषारी नसतं. अशा टाकीत नळाचं पाणी ओतलं, पीएच ७ च्या वर गेला, की त्यातल्या काही भागाचा विषारी अमोनिया होतो आणि काही तासांत मासे मरू शकतात. म्हणून खाणं बेताचं, आणि आठवड्याला १० टक्केच पाणी बदला, तेही बादलीत तयार केलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं.

कार्डिनलची अंडी उजेडात टिकत नाहीत; टाकी झाका. पिल्लं नीट पोहू लागल्यावर दोन-तीन आठवडे घेऊन, थोडं थोडं जड (जास्त क्षारांचं) पाणी मिसळत त्यांना सवय लावा.