किसुमूत बसलेले लाडू पुन्हा वळताना

केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहरातील एका शाळेत स्वयंसेवक म्हणून काम करताना, आईने दिलेले बेसनाचे लाडू मुलांना वाटण्यासाठी डबा उघडला, तेव्हा उकाड्याने तूप सुटून लाडू बसले होते. १९०१ मध्ये येथवर रेल्वे आली आणि भारतीय व्यापारीही स्थिरावले, त्यामुळे बेसन सहज मिळाले. ते मंद आचेवर, खमंग वास सुटून रंग बदामी होईपर्यंत कोरडेच भाजले, पूर्ण निवू दिले आणि मोडलेल्या लाडवांत थोडे थोडे मळले. सुटलेले तूप त्यात जिरले. वळायला मुद्दाम पहाट निवडली, कारण त्या गारव्यात तूप थिजते. साखर वाढवली नाही. आईच्या हातची चव टिकणे मला महत्त्वाचे वाटले. काजूची अ‍ॅलर्जी कोणाला आहे का, हे शिक्षकांना विचारूनच लाडू वाटले.