जुन्या दारा-चौकटीचं कामाचं टेबल

शेडमधलं टेबल रंधा मारताना डुगडुगतं? पुण्याच्या जुन्या बाजारातून (बुधवार, रविवार) सागवानी दार चौकटीसकट आणा. फ्लश डोअर नको. आतून पोकळ असेल तर स्क्रू धरतच नाही.

1. आधी चुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर पहिल्याच कापात करवतीचे दात जातील. पितळी स्क्रू चुंबकाला लागत नाही, तो डोळ्यांनीच हुडकावा.

2. चौकटीच्या सात फुटी उभ्या लाकडांतून 32 इंचांचे चार पाय निघतात. दार आणि वर 18 मिमी प्लाय धरून उंची साधारण 34 इंच होते. प्लाय हवाच, कारण दाराचे दिलहे (मधल्या फळ्या) पातळ असतात, हातोड्याखाली फुटतात.

3. पाय आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या लाकडांचे सांधे 10 मिमीच्या बोल्टनं, दोन्हीकडे वॉशर घालून आवळा. जुना साग कडक. स्क्रू मारायचा तर आधी भोक पाडा, आट्यांना साबण चोळा.

4. मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी मारा. डुगडुग थांबते ती हिच्यामुळेच. पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, पावसाळ्यात ओल चढत नाही.

जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून, मास्क लावूनच खरवडा.