आम्ल की आम्लारी? हळद आणि जास्वंद वापरून घरच्या घरी ओळखा

साबण आम्लारी असतो, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा. हळदीच्या डागाला तो लागला की डाग लाल होतो, म्हणून आम्ल-आम्लारी ओळखण्याचा हा प्रयोग बहुतेक जण हळदीवरच उरकतात. पण हळदीला आम्ल, म्हणजे लिंबासारखा आंबट पदार्थ, ओळखता येत नाही. लिंबाच्या रसात ती पिवळी राहते आणि साध्या पाण्यातही पिवळीच. म्हणून जोडीला लाल जास्वंद हवीच.

१. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून टीपकागदाला लावा, सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा. उन्हात हळदीचा रंग उडतो.

२. गडद लाल जास्वंदीची चार-पाच फुलं घ्या. देठ, हिरवा भाग आणि मधला तुरा काढून टाका. नुसत्या पाकळ्यांवर कपभर गरम पाणी ओतून पंधरा मिनिटं झाका, मग गाळा. बोअरचं पाणी टाळा, कारण त्यातल्या क्षारांनी अर्काचा रंग आधीच बदलू शकतो. फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी उत्तम. अर्क त्याच दिवशी वापरा.

३. पांढऱ्या वाट्यांत लिंबाचा रस, व्हिनेगर, ताकाची निवळी, खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, साबणाचं पाणी आणि चुन्याची निवळी थोडी थोडी घ्या. एका वाटीत नुसतं पाणी ठेवाच. तुलनेला काही नसेल तर रंग बदलला की नाही, हे खात्रीनं सांगता येत नाही. चुना मोठ्यांनीच हाताळावा, डोळ्यांना जपावं. संडास-बाथरूमचे क्लीनर या प्रयोगात आणूच नका.

४. प्रत्येक वाटीत आधी पट्टी बुडवून बघा, मग अर्काचे थेंब टाका. पट्टी पिवळीच आणि अर्क गडद गुलाबी, तर आम्ल. पट्टी तांबडी आणि अर्क हिरवट, तर आम्लारी. दोन्ही पाण्याच्या वाटीसारखेच दिसले, तर पदार्थ उदासीन (ना आम्ल, ना आम्लारी) किंवा त्याच्या जवळचा.

खाण्याच्या सोड्याशी मात्र घाई करू नका. त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचं माप) साधारण ८.३, म्हणजे हळद जिथे रंग बदलू लागते त्याच्या आसपासचा. पट्टी जेमतेम नारिंगी होते आणि मुलांना वाटतं प्रयोग फसला. अशा वेळी जास्वंदीचा कौल महत्त्वाचा. तिच्या पाकळ्यांत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात आणि ती आम्ल व आम्लारी दोन्हींत रंग बदलतात. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ साली व्हायोलेट फुलांच्या पाकावर हेच नोंदवलं होतं: आम्लानं तांबडा, आम्लारीनं हिरवा.

जास्वंद नसेल तर गोकर्णाची निळी फुलं किंवा जांभळा कोबीही चालतो. कोबीत तर तांबड्यापासून हिरवट पिवळ्यापर्यंत कितीतरी छटा मिळतात.

आता सर्वांत सुंदर भाग. सोड्याच्या हिरवट वाटीत लिंबाचा रस थेंब थेंब सोडा. फेस येईल, तो कार्बन डायऑक्साइडचा. ढवळत राहा: हिरवट रंग जांभळटावरून गुलाबीकडे सरकेल. चुन्याच्या निवळीवर हे करायचं असेल तर अर्क टाकल्यावर लगेच करा. तीव्र आम्लारीत रंगद्रव्य मोडतं, पाणी पिवळं पडतं आणि मग पहिल्यासारखा गुलाबी रंग येत नाही.