ट्राउटच्या हंगामाचा पहिला दिवस: नाशिकहून जाणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते आणि १ मार्चला तीर्थन, सैंज, उहल, पब्बर या नद्या परवानाधारकांसाठी पुन्हा खुल्या होतात. नेमक्या त्याच दिवसांत नाशिकमध्ये द्राक्षांची काढणी भरात असते, दुपारचे ऊन चटका देऊ लागलेले असते आणि पंखे पुन्हा सुरू झालेले असतात. अशा हवेतून निघून, गाडीत एक दिवस आणि बसमध्ये एक रात्र काढून आपण बंजारच्या पुढे, तीर्थनच्या काठच्या गुशैणीला उतरतो, तेव्हा सामान हिवाळ्याचे असले तरी डोक्यातली सगळी गणिते नाशिकच्या उन्हाची असतात. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परतणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक मंडळींच्या चुका मला या एकाच कारणापाशी येऊन पोहोचताना दिसतात: पाणी किती थंड आहे हे त्यांनी मोजलेले नसते.

पहाटेची घाई

दारणेच्या काठी गळ टाकणाऱ्या माणसाला पहाटेची सवय असते आणि आपल्याकडच्या उबदार पाण्यासाठी ती सवय योग्यच आहे. १ मार्चला तीच सवय नुकसान करते. पहिल्या वर्षी मी उजाडताच पाण्यावर गेलो आणि साडेनऊपर्यंत एकाच वळणावर फेक करत राहिलो. रॉडच्या कड्यांमध्ये पाण्याचे थेंब गोठून बारीक मणी तयार होत होते, लाइन त्यांत अडकत होती आणि दर आठ-दहा फेकींनंतर रॉडचे टोक पाण्यात बुडवून ते मणी विरघळवावे लागत होते. मासा एकदाही हलला नाही. अखेर शेजारच्या घरातले एक वयस्कर गृहस्थ काठावर आले, माझ्या हाताकडे पाहिले आणि चहा प्यायला चला, ऊन पाण्यावर आल्याशिवाय इथे काही होत नाही, असे शांतपणे सांगून गेले. त्या दुपारी बारानंतर त्याच वळणाखालच्या डोहात मला दोन मासे लागले.

कारण सरळ आहे. मासा शीतरक्ताचा असल्यामुळे त्याची भूक पाण्याच्या तापमानावर चालते. ब्राऊन ट्राउट साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मोकळेपणाने खातो. पाणी पाच-सहा अंशांच्या खाली गेले की त्याचे पचन मंदावते आणि घासासाठी तो हातभरही जागा सोडत नाही. वीस अंशांच्या वर गेले की त्याला प्राणवायू कमी पडू लागतो, आणि म्हणूनच आपल्या गोदावरीत हा मासा कधी टिकणार नाही. मार्चच्या सुरुवातीला सकाळी सात वाजता चार अंशांवर असलेले पाणी दुपारी सात-आठ अंशांपर्यंत चढते आणि दिवसभराचा सगळा खेळ त्या तीन-चार अंशांत होतो. पाऱ्याचे मोल नाशिककरांना समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. निफाडचा बागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून आधी तापमापक पाहतो आणि मगच बागेत शेकोट्या पेटवायच्या की ठिबक सुरू करायचे ते ठरवतो. तशीच दोरी बांधलेली एक साधी तापमापक नळी खिशात ठेवावी, ती पाण्यात सावलीच्या बाजूला दोन मिनिटे बुडवून ठेवावी आणि आकडा वहीत लिहावा. पाणी सहाच्या खाली असेल तर नाश्ता करावा, गाठी तपासाव्यात, नदी नुसती पाहावी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हा नियम मार्चपुरता आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाने वरचा बर्फ वेगाने वितळतो, पाणी चढते आणि गढूळ होते, आणि तेव्हा सकाळचे निवळ पाणीच कामाचे असते. मार्चमध्ये शिकलेला धडा मेमध्ये तसाच चालवणारे लोकही मी पाहिले आहेत.

कोरड्या माशीचा मोह

फ्लाय फिशिंगचे नाव घेतले की डोळ्यांसमोर पाण्यावर तरंगणारी पिसांची माशी आणि ती टिपायला उसळलेला मासा येतो, म्हणून पहिल्या दिवशी बहुतेक जण तीच, म्हणजे ड्राय फ्लाय, बांधतात. थंड पाण्यातला ट्राउट मात्र तळाशी, मोठ्या खडकाच्या मागे, जिथे प्रवाह मंदावतो त्या खोलगट जागी पडून असतो आणि वर पाहतही नाही. खळाळत्या पांढऱ्या पाण्यात फेक करणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. ते पाणी दिसायला सुंदर असते, पण मार्चमध्ये तिथे उभे राहण्याइतकी शक्ती मासा वाया घालवत नाही.

त्यामुळे १४ किंवा १६ नंबरच्या गळावर बांधलेली, डोक्याशी धातूचा मणी असलेली निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी दिसणारी आणि बुडणारी माशी, वापरावी. फेझंट टेल किंवा हेअर्स इअर या दोन नमुन्यांवर मी पूर्ण दिवस काढतो. निम्फ खरोखर तळापर्यंत जाते का, हे पाहण्याची खूण अशी की दहा-बारा फेकींत ती एकदाही दगडाला घासली नाही, तर ती मधल्या पाण्यातून वाहते आहे. अशा वेळी लोक माशी बदलतात. आधी वजन वाढवावे किंवा फेक आणखी चार हात वरच्या अंगाला टाकून निम्फला बुडायला वेळ द्यावा. माशी बदलण्याचा विचार त्यानंतर करावा.

याच्या जोडीला लाइनची ओढ येते आणि नवशिक्यांचे सर्वांत जास्त मासे इथेच जातात. आपण आणि डोह यांच्यामध्ये वेगवान पाण्याची एक पट्टी असते. लाइन त्या पट्टीवर पडली की तिला पोट सुटते आणि ते पोट निम्फला प्रवाहापेक्षा वेगाने खेचू लागते. खरा किडा पाण्यात कधी असा पळत नाही आणि माशाला ते ताबडतोब कळते. फेक पाण्यावर टेकताच रॉडच्या टोकाने लाइनचे पोट अलगद उचलून वरच्या अंगाला ठेवावे आणि रॉड उंच धरून शक्य तितकी लाइन पाण्याबाहेरच राहू द्यावी. लांब फेकीची हौस या दिवसांत बाजूला ठेवावी. पंधरा-वीस फुटांवरून, खडकाच्या आडोशाला गुडघा टेकवून केलेली फेक चाळीस फुटांच्या फेकीपेक्षा जास्त मासे देते.

रोहूची किंवा मरळीची सवय असलेल्या हाताची आणखी एक अडचण आहे. तिथे मासा आमिष घेऊन चालू लागेपर्यंत थांबावे लागते आणि मग जोरात झटका द्यावा लागतो. ट्राउट पिसांची निम्फ तोंडात घेतो आणि खोटी आहे हे समजताच क्षणभरात थुंकून टाकतो. थंड पाण्यात तर रॉडला काहीच जाणवत नाही. फक्त लाइनवर बांधलेला, वाहत येणारा लोकरीचा खुणेचा गोंडा एका जागी किंचित अडखळतो, जणू खाली दगड लागला. तो प्रत्येक अडखळा मासा आहे असे मानून मनगट वीतभर उचलावे. जोराचा झटका दिला तर टिपेट, म्हणजे माशी बांधलेला लाइनच्या टोकाचा बारीक धागा, तुटते.

नाशिकमध्येच करायची कामे

मागच्या हंगामातले सामान आषाढ-श्रावणातली दमट हवा आणि ऑक्टोबरची उष्णता सोसून माळ्यावर पडलेले असते. टिपेटचा नायलॉन ऊन आणि उष्णतेने कमकुवत होतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फुटभर तुकडा दोन्ही हातांना गुंडाळून ओढून पाहावा. तो खळकन तुटला तर पूर्ण रीळ टाकून द्यावे, कारण वाचलेले शे-दोनशे रुपये पहिल्या चांगल्या माशाबरोबर वाहून जातात. फ्लायच्या डबीत ओल राहिली असेल तर गळाच्या डोळ्याशी गंजाचा तपकिरी ठिपका दिसतो. असे गळ चिमट्याने वाकवून पाहिले की जागीच मोडतात.

लाइन वर्षभर रिळावर राहिल्यामुळे स्प्रिंगसारखी वेटोळी होते आणि थंडीत तो आकार अधिकच घट्ट धरते. ती कोमट साबणपाण्यात धुऊन, अंगणात दोन खांबांच्या मधे हलका ताण देऊन ओढून घ्यावी. रॉडच्या सांध्यांवर मेणबत्तीचे मेण हलकेच चोळावे, नाहीतर बर्फाळ हवेत सांधे अडकून बसतात आणि पिळून सोडवताना तडकतात.

फेकीचा सरावही इथेच व्हावा. त्यासाठी नदी लागत नाही. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून मोकळ्या गवतावर, गंगापूर धरणाच्या बाजूला सायंकाळचा वारा सुटतो तेव्हा पंधरा दिवस रोज अर्धा तास काढला तरी हात बसतो. चेहऱ्यासमोरून येणाऱ्या वाऱ्यात फेक जमली, तर दरीत दुपारी सुटणारा वारा त्रास देत नाही. विमानाने जाणाऱ्यांनी गळ, कात्री आणि चिमटे हातातल्या पिशवीत ठेवू नयेत. सुरक्षा तपासणीत ते काढून घेतले जातात.

पाण्यात उतरण्यापूर्वी

या चुकीबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ आहे, कारण इथे नुकसान आपल्यापुरते राहत नाही. ब्राऊन ट्राउट नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंडी घालतो. मादी शेपटीने बारीक खडी उपसून खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि वरून पुन्हा खडी लोटते. पाच अंशांच्या पाण्यात अंडी फुटायलाच अडीच-तीन महिने जातात, आणि त्यानंतरही पिले अंगावरच्या पिवळ्या पिशवीवर पोसली जात काही आठवडे खडीतच दडून राहतात. म्हणजे १ मार्चला बंदी उठते, तेव्हा पुढच्या पिढीचा मोठा भाग नदीच्या तळात, आपल्या बुटाखाली असतो. नव्या खळग्याची खडी उजळ दिसते, पण मार्चपर्यंत तिच्यावर शेवाळ धरलेले असते आणि ती ओळखू येत नाही. म्हणून डोह संपतो तिथल्या उथळ, वाटाण्यापासून सुपारीएवढ्या खडीच्या पट्ट्यावरून चालूच नये. पार जायचेच असेल तर मोठ्या धोंड्यांवरून जावे. खरे सांगायचे तर या दिवसांत पाण्यात उतरण्याची गरजच फारशी पडत नाही. काठापासून दहा फुटांतले पाणी बहुतेक लोक तुडवून जातात आणि मासे तिथेच असतात.

दुसरी बाब जिवाची आहे. गोदावरीला पाणी किती आले हे आपण दुतोंड्या मारुतीच्या कमरेवरून आणि छातीवरून सांगतो, आणि गंगापूरमधून विसर्ग सुटणार असला की रामकुंडावर आधी सूचना पोहोचते. हिमालयातल्या धरणांखाली अशा सूचनेवर विसंबून राहू नये. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी आणि त्यांचे एक सहल संयोजक वाहून गेले. धरणाखालच्या पट्ट्यात पात्रातल्या खडकावर जाऊन उभे राहू नये. काठावरच्या एका दगडाची ओली रेघ लक्षात ठेवावी, दर काही मिनिटांनी ती पाहावी आणि ती बुडालेली दिसताच सामान आवरत न बसता वर चढावे. पाच अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाची बोटे काही मिनिटांत काम करेनाशी होतात, त्यामुळे पोहता येते हा भरवसा तिथे पुरत नाही. हातात काठी असावी, छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उतरण्याची जलरोधक विजार, घातले असतील तर कमरेचा पट्टा घट्ट असावा आणि एकट्याने उतरू नये.

परवाना आणि हातातला मासा

परवाना मत्स्यविभागाचा असतो आणि त्यावर नदीचा पट्टा, माशांची संख्या व आकार यांच्या अटी दिलेल्या असतात. त्या मुक्कामाच्या ठिकाणी सावकाश वाचाव्यात. तीर्थनच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे प्रवेशालाच वेगळी परवानगी लागते, त्यामुळे नदीचा परवाना तिथेही चालेल असे गृहीत धरू नये. काश्मीरचे वेळापत्रक निराळे आहे.

ट्राउट हा मूळचा इथला मासा नाही. कुलू खोऱ्यात तो १९०९ मध्ये आणला गेला. त्याच्या आधीपासून नांदणारा स्नो ट्राउट हा प्रत्यक्षात कार्पच्या कुळातला, खाली वळलेल्या तोंडाचा मासा आहे. तो गळाला लागला तर ट्राउट नाही म्हणून काठावर फेकून देण्याचा प्रकार मी पाहिला आहे आणि मला तो अत्यंत लाजिरवाणा वाटतो. ती नदी आधी त्याची आहे.

सोडायचा मासा कोरड्या हाताने धरू नये, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून गेला की बुरशी धरते. गळाचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून ठेवला असेल तर मासा पाण्याबाहेर न काढताही सुटतो. छायाचित्र हवेच असेल तर आपला श्वास रोखून धरावा आणि तो सुटण्याआधी मासा पाण्यात परत जावा. त्यानंतर त्याचे डोके प्रवाहाकडे करून, तो स्वतःच्या जोराने निसटेपर्यंत हात खाली ठेवावा. गार हवेत ओल्या माशाच्या कल्ल्यांवर बर्फ धरू शकतो, ही गोष्ट नाशिकमध्ये कोणाच्या मनात येत नाही.

साडेतीनच्या सुमारास ऊन डोंगराआड गेले की पाण्याचा आकडा पुन्हा उतरू लागतो आणि लोकरीचा गोंडा अडखळायचा थांबतो. तेव्हा रॉड आवरावा. बुटांचे तळ घासून धुवावेत, म्हणजे या नदीतले शेवाळ आणि रोग पुढच्या नदीत जात नाहीत, आणि रात्री ते खोलीच्या आत, चुलीच्या उबेजवळ ठेवावेत. बाहेर राहिले तर सकाळी नाड्या काडीसारख्या ताठ झालेल्या असतात.