पोलो जीटीला लोअरिंग स्प्रिंगा कशा बसवाव्यात

चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय सरळ रस्त्यावर झकास पळते, पण घाटातल्या वळणावर जरा जास्तच कलते. त्यावर परवडणारा इलाज म्हणजे गाडी थोडी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा. 25 मिमीपेक्षा जास्त खाली जाऊ नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कागदावर स्पीडब्रेकर 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतला कुणी मोजून बांधलेला नसतो. शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत असेल तर आधी ते बदला. विमा कंपनीला बदल कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.

सुरुवात मागून करा, ते सोपं आहे. सपाट फरशीवर पुढच्या चाकांना ठोकळे लावून गाडी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या टॉर्शन बीमखाली दुसरा जॅक धरून दोन्ही शॉकचे खालचे बोल्ट काढा आणि बीम हळूहळू उतरवा. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, ते पाहत राहा. स्प्रिंग हाताने निघते. नवीन बसवताना तिचं टोक रबरी बैठकीच्या खाचेला टेकलंच पाहिजे.

पुढचं काम वेळखाऊ. एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी क्लिपांमधून सोडवा, गाडी कलू नये म्हणून असलेल्या अँटी-रोल बारची लिंक काढा. स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला पुढचा खांब. त्याचं खालचं टोक नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाच्या, गळ्यात आवळलेलं असतं. आडवा बोल्ट काढला तरी ते जागचं हलत नाही, आणि नेमक्या याच वेळी लोक हातोडा उचलतात. नको. गळ्याच्या मागच्या फटीत स्प्रेडर सॉकेट घालून पाव वळसा फिरवा; फट रुंदावते आणि नकल खाली सरकतो. तो बाहेर झुकला तर चाकाला ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा सांधा निखळू शकतो, म्हणून तारेने बांधून ठेवा. मग बॉनेटखालचा टॉप नट काढला की स्ट्रट हातात येतो.

स्प्रिंग दाबण्याचं काम मात्र मी घरी करणार नाही. हलक्या कॉम्प्रेसरचा हूक सटकला तर स्प्रिंग थेट तोंडावर येते. स्ट्रट गॅरेजवर न्या, मशीनवर बदलून घ्या. स्प्रिंगवरची अक्षरं सुलटी वाचता येत आहेत ना, एवढं बघा. सोबत आलेले आखूड बंप स्टॉपही, म्हणजे शॉक पूर्ण दबला की आदळू न देणारे ठोकळे, बसवायला सांगा.

जोडताना सगळ्यात जास्त चुकतं ते बुशचं. मागच्या शॉकच्या खालच्या बोल्टभोवती रबर असतं, तेच बुश. गाडी हवेत असताना तो पूर्ण आवळला तर चाकं टेकल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी नीट बसत नाही आणि बुश लवकर फाटतं. म्हणून आधी हातानेच घट्ट करा, चाकांवर वजन येऊ द्या, गाडी दोन-चार वेळा दाबून सोडा आणि मगच आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने आवळा. टॉर्कसोबत ठरावीक अंश फिरवायचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवे आणा. चाकांचे बोल्ट 120 न्यूटन-मीटर.

त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करा. स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून 500 किमीनंतर पुन्हा करा. स्टिअरिंग फिरवताना पुढून टणकन आवाज आला, तर स्प्रिंगचं टोक खाचेत नाही किंवा स्ट्रटच्या वरच्या टोकाच्या टॉप माउंटचं बेअरिंग वाकडं बसलंय. स्ट्रट पुन्हा उतरवावा लागेल.